देवटेकची शिळा

अहेरीच्या अरण्यांत बखरकार थोडे फिरकले. म्हणून जुन्या काळाची वार्ता आम्ही दगडांस विचारतों. चंद्रपूर जिल्ह्यांत नागभीडनजीक देवटेक येथें एक शिळा सांपडली. तिजवर दोन लेख आहेत. पहिला अशोककालीन ब्राह्मींत असून प्राण्यांस धरण्याची व मारण्याची मनाई करितो. दुसरा, सुमारें सहाशें वर्षांनंतरचा, वाकाटक राजा रुद्रसेन याच्या धर्मस्थानाचा. राजानें नवा दगड कां आणविला नसेल, कोण जाणे! दोन्ही लेखांत चिकंबुरी हें स्थळ येतें. शेजारचें चिकमारा तेंच, असें डॉ. वासुदेव विष्णु मिराशी यांनीं ठरविलें. अक्षरांचा दगड पायरीस बसवूं पाहणाऱ्या गवंड्यास आम्ही ही हकीकत सांगत असतों. मग तो दगड उलटून पाहतो.