तराजूने नापास ठरवलेले खेळाडू

१९४२ साली अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक विलक्षण शोधनिबंध प्रसिद्ध झाला. नौदलाच्या वैद्यकांनी २५ व्यावसायिक फुटबॉलपटू तपासले होते. (हा अमेरिकी फुटबॉल, अंगावर अंग आदळण्याचा खेळ.) उंची-वजनाच्या तत्कालीन निकषांनुसार त्यांपैकी १७ जण अतिवजनामुळे लष्करी सेवेस अपात्र ठरत होते! देशातील बलदंड माणसे कागदावर लठ्ठ होती.

या अभ्यासामागे होते अल्बर्ट बेन्के. पाणबुड्यांच्या आरोग्याचे ते अभ्यासक. चरबीत नायट्रोजन अधिक विरघळतो, म्हणून समुद्रतळाशी उतरणाऱ्याच्या अंगात चरबी किती, हा त्यांच्यासाठी जीवनमरणाचा प्रश्न होता. त्यांनी माणसाला आधी हवेत तोलले, मग पाण्यात. दोन्ही वजनांतील फरकावरून घनफळ मिळते. फुप्फुसात उरलेल्या हवेचा हिशेब वजा केला की घनता. तत्त्व आर्किमिडीजचेच. चरबी पाण्याहून हलकी, स्नायू आणि हाडे जड. खेळाडूंची घनता भरली जास्त, म्हणजे त्यांचे वजन मुख्यतः स्नायूंचे होते.

पुढे विल्यम सिरी यांनी घनतेवरून चरबीची टक्केवारी काढण्याचे सूत्र दिले: ४९५ भागिले घनता, वजा ४५०. घनता १.०६ असेल, तर चरबी सुमारे १७ टक्के. (हे सिरी गिर्यारोहकही होते, १९५४ च्या मकालू मोहिमेचे नेते!) पण या सूत्रात चरबीची आणि उर्वरित शरीराची घनता सर्वांत सारखीच धरलेली आहे. जिवंत माणसाची चरबी थेट कोणीच तोलत नाही.

व्यायामशाळेतील पावती देणारे यंत्रही अंदाजच करते. ते क्षीण विद्युत्प्रवाह सोडून अवरोध मोजते. शरीरातील पाणी कमी-जास्त झाले की आकडा हलतो, चरबी मात्र तेवढीच असते. म्हणून ध्येय ठरवताना एका पावतीवर विसंबू नये. तेच यंत्र, दिवसाची तीच वेळ आणि काही आठवड्यांचा कल पाहावा. कमरेभोवतीची साधी टेपही सोबत असावी.

आणि सर्वांच्या तोंडी असलेला बीएमआय? वजन भागिले उंचीचा वर्ग, हे नाते बेल्जियन खगोलज्ञ केतले यांनी १८३२ मध्ये मांडले. ते ‘सरासरी मानव’ शोधत होते. लठ्ठपणा हा त्यांचा विषयच नव्हता. बीएमआय हे नाव तर अन्सेल कीज यांनी १९७२ मध्ये रूढ केले.

त्याची मर्यादा सर्वांत झणझणीतपणे दाखवली पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचाही बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! युडकिन मॅरेथॉन धावतात, आणि आपला मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयाची लिफ्ट बंद होण्याआधी ती गाठण्यासाठी धावणे, असे याज्ञिकांनी तिथेच मिश्कीलपणे नोंदवले आहे.