स्मार्ट घरातील बिनतारी व्यत्यय

घरातले दिवे, पंखे, कुलपे, कॅमेरे, सेन्सर अशी बिनतारी जोडलेली उपकरणे काम करत असताना दुसऱ्या रेडिओ लहरी किंवा विद्युत गोंगाट आड आल्याने संदेश उशिरा पोचणे, तुटक पोचणे किंवा पोचूच न शकणे, म्हणजे बिनतारी व्यत्यय. बटण दाबल्यावर दिवा दोन सेकंदांनी लागतो, दाराचा सेन्सर ॲपमध्ये अधूनमधून ‘ऑफलाइन’ दिसतो, कॅमेऱ्याचे चित्र नेमके संध्याकाळी अडखळते, ही त्याची ओळखीची लक्षणे. उपकरण बदलून किंवा जास्त ताकदीचा राउटर आणून हा दोष सहसा जात नाही. हवेतली गर्दी कमी केली की तो कमी होतो, आणि ही गर्दी पुष्कळदा शेजाऱ्यांपेक्षा आपल्याच घरातल्या उपकरणांनी केलेली असते.

घरगुती वायफायचा मोठा भाग, ब्लूटूथ, आणि दिवे-सेन्सर जोडणारी झिगबी व थ्रेड ही बिनतारी जाळी, हे सगळे २.४ गिगाहर्ट्‌झच्या एकाच पट्ट्यात काम करतात. हा पट्टा मुळात संदेशवहनासाठी राखलेला नव्हता. १९४७ साली अमेरिकेतल्या अटलांटिक सिटी येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषदेत उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांतल्या यंत्रांसाठी काही वारंवारता बाजूला काढण्यात आल्या. रेडिओ लहरींनी पदार्थ तापवणारी यंत्रे त्यांत धरलेली होती. तिथे कोणाला संदेश पाठवायचे असतील तर या यंत्रांचा गोंगाट सोसूनच. १९८५ साली अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने संकेत रुंद पट्ट्यात पसरवून पाठवणाऱ्या उपकरणांना येथे परवान्याविना मुभा दिली आणि १९९७ मध्ये वायफायचे पहिले मानक, ८०२.११, आले. भारतात २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला. या मुभेला अट आहे: दुसऱ्याला व्यत्यय आणायचा नाही, स्वतःला आला तर संरक्षण मागायचे नाही, आणि पट्टा सर्वांचा सामाईक. वरच्या मजल्यावरच्या राउटरविरुद्ध दाद मागायला म्हणूनच जागा नाही. जे करायचे ते समजुतीने, आणि आधी आपल्या घरात.

वायफायसाठी भारतात या पट्ट्यात १ ते १३ क्रमांकांचे चॅनल आहेत. त्यांचे मध्यबिंदू पाच-पाच मेगाहर्ट्‌झवर येतात: पहिल्याचा २४१२, सहाव्याचा २४३७, अकराव्याचा २४६२. प्रत्येक चॅनल मात्र सुमारे २० मेगाहर्ट्‌झ रुंद असतो. त्यामुळे लगतचे चॅनल एकमेकांवर चढतात आणि परस्परांना न छेदणारे १, ६ आणि ११ हे तीनच उरतात. फोनवरच्या ॲपमध्ये ३ किंवा ४ रिकामा दिसला म्हणून तिकडे सरकणे ही फार प्रचलित चूक आहे. एकाच चॅनलवरचे दोन राउटर एकमेकांचे संदेश ओळखतात, समोरचा थांबेपर्यंत थांबतात, वेळ वाटून घेतात. अर्धवट चढलेल्या चॅनलवरच्या राउटरला दुसऱ्याचा संदेश उलगडत नाही, तो नुसता गोंगाट वाटतो, आणि नुकसान दोघांचेही होते. सहावर चार राउटर असले तरी चारवर जाण्यापेक्षा सहावर राहिलेले बरे. याच कारणाने इमारतीत राहणाऱ्याने २.४ मध्ये चॅनलची रुंदी ४० मेगाहर्ट्‌झ ठेवूच नये. ती २० वर पक्की करावी, ‘ऑटो’वर सोडू नये.

झिगबी आणि थ्रेड ज्या ८०२.१५.४ मानकावर उभे आहेत त्याचे गणित वेगळे आहे. तिथे ११ ते २६ क्रमांकांचे सोळा चॅनल आहेत, प्रत्येक जेमतेम २ मेगाहर्ट्‌झ रुंद. ११ चा मध्यबिंदू २४०५ वर आणि पुढचे पाच-पाचने. क्रमांकांमुळे येथे हमखास फसायला होते, कारण झिगबीचा ११ हा वायफायच्या ११ शी जुळत नाही. तो वायफायच्या १ च्या पोटात पडतो. घरचे आणि शेजारचे वायफाय १, ६, ११ वर असेल तर झिगबीचे १५ (२४२५) आणि २० (२४५०) हे दोन चॅनलांमधल्या फटीत बसतात, तर २५ (२४७५) आणि २६ (२४८०) अकराच्या पलीकडे. २६ पट्ट्याच्या अगदी कडेला असल्याने पुष्कळ उपकरणे तिथे ताकद कमी करतात आणि काही जोडलीच जात नाहीत. एकंदरीत २५ हा सर्वांत हुकमी. फिलिप्स ह्यू या स्मार्ट दिव्यांच्या ब्रिजमध्ये ११, १५, २० आणि २५ हे चार पर्याय मिळतात. झिगबी-टू-एमक्यूटीटी ही लोकप्रिय प्रणाली मात्र काहीही न बदलता चालू केली तर ११ वर बसते, आणि राउटर १ वर असेल तर दोघांची टक्कर पहिल्या दिवसापासून सुरू होते. आपल्याकडे एक काळजी जास्त घ्यावी लागते: १२ आणि १३ हे वायफाय चॅनल भारतात चालत असल्याने ‘ऑटो’वर ठेवलेला राउटर आपणहून तिकडे गेला की २५ झाकला जातो.

टक्कर झाली की झिगबीच हरते. बॅटरीवरचा सेन्सर काही मिलिवॉट ताकदीवर बोलतो, राउटर १०० मिलिवॉटच्या आसपास. बोलण्याआधी हवा ऐकायची शिस्त दोघांनाही आहे, पण झिगबी ३२० मायक्रोसेकंदांच्या टप्प्यांनी थांबते आणि आजचे वायफाय ९ मायक्रोसेकंदांच्या. हवा मोकळी होताच वायफायचा संदेश आधी निघतो. शिवाय झिगबीचा वेग सेकंदाला २५० किलोबिट एवढाच, म्हणून तिचा पूर्ण लांबीचा संदेश हवेत चार मिलिसेकंदांहून जास्त राहतो. तेवढ्यात दूरच्या राउटरला त्या क्षीण संदेशाची चाहूल लागली नाही, तर तो मध्येच सुरू होतो. संदेश वाया जातो, पुन्हा पाठवावा लागतो, आणि वर्षभर टिकायची बटण-बॅटरी काही महिन्यांत संपते. लवकर संपणारी बॅटरी हे व्यत्ययाचे सर्वांत दुर्लक्षित लक्षण आहे. लोक सेन्सरला दोष देतात आणि नवा आणतात.

ब्लूटूथचा त्रास त्या मानाने कमी. २००३ च्या १.२ आवृत्तीपासून ते व्यापलेले चॅनल टाळत उड्या मारते, आणि लो एनर्जी प्रकारात उपकरणे ज्या तीन चॅनलांवर स्वतःची ओळख सांगतात ते २४०२, २४२६ आणि २४८० वर, म्हणजे वायफायच्या फटींत, मुद्दाम बसवलेले आहेत.

संदेश न पाठवताही गोंगाट करणारी उपकरणे घरात असतात. मायक्रोवेव्ह ओव्हनचा मॅग्नेट्रॉन २४५० मेगाहर्ट्‌झच्या आसपास चालतो. ट्रान्सफॉर्मर असलेल्या ओव्हनमध्ये तो विजेच्या प्रत्येक आवर्तनाच्या अर्ध्याच भागात पेटतो. आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेवर याचा अर्थ साधारण १० मिलिसेकंद गोंगाट आणि १० मिलिसेकंद शांतता. छोटा संदेश त्या शांततेत निसटतो, म्हणून ओव्हन चालू असताना दिवा लागतो पण व्हिडिओ अडखळतो. उपकरणांना जोडणारा हब स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटून नसला की एवढ्याने भागते.

यूएसबी ३ चा गोंगाट याहून फसवा आहे, कारण तो अखंड चालतो आणि कोणाला संशय येत नाही. इंटेलने एप्रिल २०१२ मध्ये या विषयावर स्वतंत्र टिपण काढले होते. सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने धावणाऱ्या माहितीचा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यापर्यंत पसरतो आणि कनेक्टरच्या सांध्यांतून, केबलच्या आवरणातून बाहेर पडतो. आता घरगुती हबची नेहमीची मांडणी पाहावी: रास्पबेरी पाय किंवा मिनी-पीसी, त्याच्या निळ्या पोर्टात एसएसडी, आणि शेजारच्याच पोर्टात झिगबी डोंगल. गोंगाटाच्या उगमापासून डोंगलचा अँटेना दोन बोटांवर. अशा घरात पलीकडच्या खोलीतला सेन्सर कधी दिसतो, कधी नाही. डोंगल काळ्या यूएसबी २ पोर्टात घालावा आणि मीटरभर लांबीच्या यूएसबी २ एक्स्टेंशन वायरने संगणकापासून दूर न्यावा. राउटरपासूनही तो एक-दोन मीटर लांब असावा. चॅनल बदलण्याच्या खटाटोपाआधी ही स्वस्त वायर लावून पाहावी, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

घराच्या बांधणीचा वाटा मोठा असतो. अमेरिकेतल्या लाकडी चौकट आणि जिप्सम पत्र्यांच्या भिंतींवर आधारलेली अंतरे पुण्या-मुंबईच्या आरसीसी इमारतींत लागू पडत नाहीत. विटांची नऊ इंची भिंत, लोखंडी सळ्यांचा स्लॅब, स्टीलचे कपाट, मोठा आरसा, लोखंडी सेफ्टी डोअर, पाण्याची टाकी, हे सगळे संकेत खातात किंवा परतवतात. मॉड्युलर स्विचबोर्डामागे बसवायच्या स्मार्ट मॉड्युलची अडचण खास आपल्याकडची आहे. कन्सील्ड वायरिंगमध्ये भिंतीत पत्र्याचा बॉक्स गाडलेला असतो, आणि मॉड्युल त्या पत्र्याच्या तळाशी ढकलले की त्याचा अँटेना तीन बाजूंनी कोंडला जातो. इलेक्ट्रिशियनला मॉड्युल प्लास्टिकच्या दर्शनी प्लेटलगत ठेवायला आणि अँटेनाची तार वायरींत गुंडाळू न द्यायला सांगावे. नवे काम निघालेच असेल तर पीव्हीसी बॉक्स घ्यावा.

व्यत्ययासारखी दिसणारी पण व्यत्यय नसलेली एक तक्रारही येथे नोंदवायला हवी. झिगबीच्या जाळ्यात थेट विजेवर चालणारी उपकरणे इतरांचे संदेश पुढे पोचवतात, बॅटरीवरची पोचवत नाहीत. घरातल्या मोठ्या माणसांनी सवयीने भिंतीवरचे बटण बंद केले की स्मार्ट बल्ब मरतो आणि त्याच्यामार्फत बोलणारा गॅलरीतला सेन्सरही गप्प होतो. अशा घरात बल्बपेक्षा स्मार्ट स्विच किंवा कायम चालू राहणारा स्मार्ट प्लग हे जाळ्याचे खरे खांब.

हवेतली गर्दी उतरवायचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे जे तारेवर जाऊ शकते ते तारेवर नेणे. टीव्ही, डेस्कटॉप, आणि सर्वांत आधी कॅमेरे. दिवा दिवसातून काही वेळा दोन-चार शब्द बोलतो. कॅमेरा रात्रंदिवस अखंड चित्र पाठवतो, आणि असे तीन-चार कॅमेरे २.४ वर असले की दिव्यांना जागा उरत नाही. फोन, लॅपटॉप ५ गिगाहर्ट्‌झवर न्यावेत. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने भारतात त्या बाजूला एकूण ६०५ मेगाहर्ट्‌झ परवानामुक्त झाले असून २.४ च्या ८३.५ पुढे ती ऐसपैस जागा आहे. भिंतीपलीकडे ५ ची मजल कमी, पण दाट वस्तीत तोच त्याचा गुण.

वायफायची नावे वाढवणेही महागात पडते. प्रत्येक नाव सेकंदाला सुमारे दहा वेळा बीकन, म्हणजे आपली ओळख सांगणारा संदेश, पाठवते, आणि जुन्या उपकरणांसाठी ते सर्वांत कमी म्हणजे १ मेगाबिट वेगाने जाते. अडीचशे बाइटांच्या बीकनला त्या वेगाने दोन मिलिसेकंद लागतात. एका चॅनलवर अशी दहा नावे ऐकू येत असतील तर हवेतला पाचवा भाग वेळ कोणीही काही न पाठवता संपला. पाहुण्यांचे वेगळे, कॅमेऱ्यांचे वेगळे, जुन्या राउटरचे तसेच राहिलेले, अशी नावे बंद करावीत. राउटरमध्ये सोय असेल तर १ आणि २ मेगाबिटचे वेग काढून टाकावेत, मात्र त्यानंतर एखादा जुना बल्ब तुटला का ते पाहावे. प्रेषणाची ताकद कमाल ठेवण्याचा मोह आवरावा: राउटर ओरडला तरी बल्बचा क्षीण आवाज त्याला जास्त ऐकू येत नाही, शेजाऱ्यांना मात्र जास्त त्रास होतो. एका मजल्यावरच्या तीन घरांनी १, ६, ११ वाटून घेतले तर तिघांचेही भले होते, आणि सोसायटीच्या ग्रुपवर हे बोलून ठरवता येते.

निदानात दोन आकडे वेगळे ओळखावेत. संकेताची ताकद उणे डेसिबल-मिलिवॉटमध्ये दिसते, तर दुव्याचा दर्जा संदेश किती स्वच्छ पोचला ते सांगतो. ताकद चांगली पण दर्जा वाईट, तर व्यत्यय. ताकदच कमी, तर अंतर किंवा भिंत, आणि तिथे चॅनल बदलून काही साधत नाही. फोनवरच्या वायफाय ॲपला फक्त वायफाय दिसते. झिगबी, ओव्हन, यूएसबी यांचा गोंगाट त्यात येत नाही. झिगबी डोंगलमधली ऊर्जा-तपासणी सोळाही चॅनलांवरचा एकूण गोंगाट मोजते. ती संध्याकाळी, सगळे घरी असताना करावी. सकाळी अकराचे आकडे फसवे असतात. झिगबीचा चॅनल बदलणे हा मात्र शेवटचा उपाय, कारण झोपलेल्या बॅटरी-सेन्सरांना बदलाची सूचना मिळतेच असे नाही आणि पुष्कळदा ते एकेक करून पुन्हा जोडावे लागतात. चॅनल पहिल्या दिवशीच विचारपूर्वक निवडलेला बरा.

परदेशातून परतणाऱ्या कुटुंबांनी सामानातली उपकरणे तपासून घ्यावीत. झेड-वेव्ह हे स्मार्ट घराचे आणखी एक बिनतारी तंत्र २.४ ची गर्दी टाळून एक गिगाहर्ट्‌झच्या खाली चालते, पण प्रत्येक देशात निराळ्या वारंवारतेवर: भारतात ८६५.२ मेगाहर्ट्‌झ, अमेरिकेत ९०८.४२. अमेरिकेतला संच इथे आपापसांत चालेलही, परंतु ९०८ हा आकडा भारतात मोबाइल फोन टॉवरशी ज्या पट्ट्यात बोलतात त्यात येतो. ते बेकायदा आहे आणि दुसऱ्याच्या सेवेत अडथळा आणणारे आहे. तिथल्या बाजारासाठी बनलेल्या वायफाय उपकरणांना पुष्कळदा १ ते ११ हेच चॅनल कळतात, त्यामुळे इथला राउटर १३ वर असेल तर त्यांना तो दिसतच नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅटर हे सामाईक मानक आले तेव्हा वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांची भाषा एक झाली, हवा मात्र तीच राहिली. मॅटरची उपकरणे वायफाय किंवा थ्रेडवर चालतात, आणि थ्रेडचे चॅनल झिगबीचेच. घरात दोन्ही जाळी असतील तर ती वेगवेगळ्या चॅनलांवर हवीत. स्मार्ट स्पीकर आणि टीव्ही-बॉक्समध्ये बसवलेले, थ्रेडला घरच्या नेटवर्कशी जोडणारे बॉर्डर राउटर आपला चॅनल सहसा स्वतःच ठरवतात आणि वापरणाऱ्याला तो बदलू देत नाहीत. म्हणून अशा घरात आधी थ्रेड कुठे बसले आहे ते पाहावे, आणि मग झिगबी व वायफाय यांची जागा त्यानुसार ठरवावी.