काचेचा माणूस आणि न मोडणारा माणूस

इ. स. १९३८ मध्यें अमेरिकेंत १० सेंट किंमतीचें एक चित्रमय मासिक निघालें. 'ॲक्शन कॉमिक्स' हें त्याचें नांव. पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर निळ्या पोषाखांतला, पाठीवर तांबडें वस्त्र सोडलेला एक पुरुष सबंध मोटारगाडी डोक्यावर उचलून खडकावर आपटीत आहे, असें चित्र होतें. हा 'सुपरमॅन'. क्लीव्हलंड शहरांतील जेरी सीगल व जो शुस्टर या दोघां तरुणांनीं त्याला जन्म दिला आणि त्याचे सारे हक्क अवघ्या १३० डॉलरांना विकून टाकले! येथून अमेरिकेची नवी पुराणपरंपराच सुरू झाली. अंगांत अमानुष बळ, अंगावर भडक वस्त्रें, पुष्कळदां तोंडावर मुखवटा, आणि दुष्टांचें निर्दालन हें जीवितकार्य. अशा नायकांना तिकडे 'सुपरहीरो' म्हणतात. १९७८ सालीं सुपरमॅन मोठ्या थाटानें रुपेरी पडद्यावर उडाला. १९८९ मध्यें 'बॅटमॅन' आला. पण १९९७ च्या 'बॅटमॅन अँड रॉबिन' या चित्रपटाची इतकी थट्टा झाली कीं, हा सारा प्रकार पोरखेळांत जमा होतो कीं काय, असें वाटूं लागलें.

अशा वेळीं या पुराणाकडे अगदीं निराळ्या नजरेनें पाहणारा एक दिग्दर्शक पुढें आला. मलबारच्या किनाऱ्यावर माहे म्हणून गांव आहे. १९५४ पर्यंत तें फ्रेंचांच्या ताब्यांत होतें. तेथें १९७० सालीं मनोज श्यामलन याचा जन्म झाला. आईबाप दोघेही डॉक्टर. मुलाचें बालपण मात्र फिलाडेल्फियाच्या उपनगरांत गेलें. १९९९ सालच्या 'द सिक्स्थ सेन्स' या भुतांच्या कथेनें त्याचें नांव जगभर झालें, आणि पुढच्याच वर्षीं, २२ नोव्हेंबर २००० रोजीं, त्याचा 'अन्ब्रेकेबल' प्रदर्शित झाला.

महाबली नायकाच्या कथेचे तीन अंक ठरलेले असतात. पहिल्यांत त्याला स्वतःच्या शक्तीची ओळख पटते, दुसऱ्यांत तो दुष्टांशीं झगडूं लागतो, आणि तिसऱ्यांत मुख्य शत्रूशीं संग्राम होतो. श्यामलनला खरा रस वाटला तो पहिल्याच अंकांत. त्यानें पुढचे दोन बाजूला सारून त्या एकाचाच सबंध चित्रपट केला. अर्जुनाला शस्त्र उचलण्यापूर्वीं जी घटका काढावी लागली, तिच्यावरच सारें नाटक उभारावें, तसा हा प्रकार आहे.

कथेचा नायक डेव्हिड डन हा फिलाडेल्फियांतील एका क्रीडांगणावरचा पहारेकरी. ब्रूस विलिस यानें ही भूमिका इतक्या मंद आवाजांत केली आहे कीं, त्याचें बोलणें ऐकण्यासाठीं प्रेक्षकाला पुढें झुकावें लागतें. संसार मोडकळीस आलेला. रोज सकाळीं उठतांना मनावर कसलीशी खिन्नता. आगगाडीच्या प्रवासांत एक तरुण स्त्री शेजारी बसते, तेव्हां तो हळूच बोटांतली लग्नाची अंगठी काढतो. समोरच्या बांकांच्या फटींतून हें सारें कॅमेरा न तुटतां पाहत राहतो. थोड्याच वेळांत गाडी रुळांवरून घसरते. अपघात मात्र दाखविलेलाच नाहीं. त्यानंतर दिसतें तें इस्पितळ. डॉक्टर डेव्हिडला सांगत आहे कीं, तूंच एकटा वांचणार असें दिसतें, आणि तुझ्या अंगावर साधा ओरखडाही नाहीं. पुढच्या बाजूस दुसरा एक जखमी निजला आहे. त्याच्या अंगावरच्या पांढऱ्या कापडावर रक्ताचा डाग हळूहळू पसरत जातो. शंभर डबे उलथेपालथे करून दाखविले असते, तरी काळजाचा एवढा थरकांप झाला नसता.

त्याच शहरांत एलायजा प्राइस नांवाचा दुसरा एक मनुष्य आहे (सॅम्युएल जॅक्सनची ही भूमिका). तो जन्मला तोच हातपाय मोडलेला. त्याचीं हाडें जन्मतःच इतकीं ठिसूळ कीं, शाळेंतलीं मुलें त्याला 'काचेचा' म्हणून हिणवीत. मुलगा घराबाहेर पडेना, तेव्हां आईनें समोरच्या बागेंतल्या बांकावर एक गुंडाळलेली वस्तु नेऊन ठेवली आणि हवी असेल तर बाहेर जाऊन घे, म्हणून सांगितलें. आंत होती चित्रकथा. त्या पुस्तकांनीं त्याला जगविलें, आणि त्यांनींच त्याच्या मनांत एक विलक्षण प्रश्न रुजविला: जगांत माझ्यासारखा इतका भंगुर मनुष्य असूं शकतो, तर दुसऱ्या टोकाला कधींच न मोडणारा मनुष्य कां नसावा? तो डेव्हिडला पत्र पाठवून विचारतो कीं, आयुष्यांत तूं आजारी पडलास असा एकही दिवस आठवतो का? डेव्हिड आपल्या वरिष्ठाकडे मागच्या रजांची चौकशी करतो. वरिष्ठाला वाटतें, हा आडून पगारवाढ मागतो आहे, आणि तो ती देऊनही टाकतो!

चित्रपटाचा प्राण मात्र डेव्हिडच्या घरांत आहे. त्याचा लहान मुलगा जोसेफ याची बापावर कोणाचीही नसेल एवढी श्रद्धा. बाप वजनें उचलीत असतां तो उतरवायचीं सोडून वाढवीतच जातो. शेवटीं घरांतले रंगाचे डबे दांड्याला अडकवावे लागतात. पुढें ही श्रद्धा भयंकर वळण घेते. स्वयंपाकघरांत तो पोर बापावर पिस्तूल रोखून उभा राहतो. बापाला कांहीं होणार नाहीं, हें त्याला आईसमोर सिद्ध करून दाखवायचें असतें! संगीत नाहीं, धांवपळ नाहीं. आई थिजून उभी आहे, मुलाच्या डोळ्यांत पाणी आहे, आणि बाप शक्तीचें नांवही न काढतां, तूं गोळी झाडलीस तर मी घर सोडून निघून जाईन, एवढेंच सांगतो. पिस्तूल खालीं येतें. महाबली नायकांच्या चित्रपटांत याहून अधिक भीतिदायक प्रसंग क्वचितच सांपडेल.

पुढें डेव्हिडचा एकच पराक्रम आहे. एका कुटुंबाला त्याच्याच घरांत कोंडून बसलेल्या मारेकऱ्याला तो पाठीमागून मिठी मारतो आणि मिठी सुटूं देत नाहीं. अंगांत पावसाळी अंगरखा, तेवढेंच त्याचें दिव्य वस्त्र. दुर्योधनाला मांडी, तसें डेव्हिडला पाणी. वाटेंत तो तलावांत बुडतो, आणि त्याला काठी देऊन वर काढतात तीं त्याच घरचीं दोन मुलें. दुसऱ्या दिवशीं न्याहारीच्या वेळीं तो मुकाट्यानें वर्तमानपत्र जोसेफपुढें सरकवितो. मुलगा बातमीवरचें चित्र ओळखतो, रडूं लागतो. बाप ओठांवर बोट ठेवतो.

हा चित्रपट महाबली नायकांचा आहे, हें तेव्हां कंपनीनें जाहिरातींत सांगूं दिलें नाहीं, असें श्यामलननें पुढें सांगितलें. त्यामुळें भुताची अपेक्षा धरून आलेले प्रेक्षक गोंधळले. त्याच वर्षींच्या जुलैंत 'एक्स-मेन' मात्र यशस्वी झाला होता, आणि पुढच्या वीस वर्षांत अशा नायकांनीं चित्रपटगृहें व्यापून टाकलीं. तेव्हां कोठें 'अन्ब्रेकेबल'ची खरी किंमत पुष्कळांना कळली. त्याच कथेचे धागे श्यामलननें 'स्प्लिट' आणि २०१९ मधील 'ग्लास' या चित्रपटांत पुढें नेले. परंतु पहिल्याची शांतता त्यांत उरली नाहीं.

शेवटीं एलायजा डेव्हिडपुढें हात करतो. डेव्हिडची शक्ति अशी कीं, हाताच्या स्पर्शानें समोरच्याचें पाप त्याला दिसतें. त्याला जळणारी धर्मशाळा दिसते, विमान दिसतें, आणि ती आगगाडी दिसते. एका न मोडणाऱ्या मनुष्याच्या शोधासाठीं या मनुष्यानें शेंकडों माणसें मारलीं आहेत. डेव्हिड हात सोडवून मागें सरतो. एलायजाच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप नाहीं. आपण जगांत कशासाठीं जन्मलों, हें एकदांचें कळल्याचें समाधान आहे, आणि डोळ्यांत अश्रु आहेत.