पन्हाळ्यावरून नाहींसें झालेलें मूल

अमरावती जिल्ह्यांतील तिवसा तालुक्यांत वर्धा नदीच्या कांठीं कौंडण्यपूर नांवाचें गांव आहे. विदर्भराजा भीष्मकाची ही राजधानी, रुक्मिणीचें हें माहेर, आणि येथील अंबिकेच्या देवळापासूनच श्रीकृष्णानें तिला रथांत घालून नेलें, अशी परंपरा आहे. आषाढीच्या वारीस रुक्मिणीची पालखी येथून पंढरपुरास जाते. कौंडण्यपूर म्हटलें कीं जें हरण आठवतें, तें या राजकन्येचें. परंतु तिच्या आयुष्यांत आणखी एक हरण घडलें होतें आणि त्याची आठवण फारशी कोणी काढीत नाहीं. तें तिच्या पोटच्या मुलाचें हरण होय.

भागवताच्या दशम स्कंधांत ही कथा आहे. रुक्मिणीचा पुत्र प्रद्युम्न जन्मून दहा दिवसही झाले नव्हते, तोंच शंबरासुरानें त्यास सूतिकागृहांतून पळविलें व समुद्रांत टाकून दिलें. तेथें त्याला एका मोठ्या माशानें गिळलें. तो मासा कोळ्यांच्या जाळ्यांत सांपडून शंबराच्याच स्वयंपाकघरांत आला. आणि माशाच्या पोटीं निघालेलें तें मूल मायावतीनें वाढविलें. पुढें शंबराचा वध करून तो तरुण द्वारकेस आला. अंतःपुरांतील स्त्रियांना प्रथम तो श्रीकृष्णच वाटला. रुक्मिणीला मात्र आपलें हरवलेलें मूल आठवलें. तें कोठें जिवंत असेल तर याच वयाचें व याच रूपाचें असेल, असें तिच्या मनांत आलें आणि तिला पान्हा फुटला. श्रीकृष्ण तेथें आला. त्याला सर्व ठाऊक होतें. तरी तो कांहीं बोलला नाहीं. शेवटीं नारदानें येऊन साद्यंत हकीकत सांगितली, तेव्हां संशय फिटला.

पुराणकाराची दृष्टि येथें फार सूक्ष्म आहे. इतक्या वर्षांत रुक्मिणीनें त्या मुलाचें वय मनाशीं मोजणें सोडलेलें नाहीं. घरांत नसलेलें मूल तिच्या मनांत वाढतच होतें. दुसरी गोष्ट अशी कीं, आईच्या अंतःकरणाला खूण पटली, तरी तेवढ्यावर निकाल लागला नाहीं. ज्याचा या प्रकरणांत कांहीं स्वार्थ नाहीं, अशा तिसऱ्या साक्षीदाराचें तोंड उघडावें लागलें. पुराणांत असा नारद वेळेवर येतो. इतिहासांत तो बहुधा येत नाहीं. आणि न आल्यास काय होतें, याचें उदाहरण मराठ्यांच्या राजघराण्यांतच आहे.

छत्रपति राजाराम इ. स. १७०० मध्यें वारल्यावर त्यांची राणी ताराबाई हिनें आपला अल्पवयी पुत्र शिवाजी यास गादीवर बसवून औरंगजेबाशीं झुंज चालू ठेविली. १७०७ मध्यें शाहू मोगलांच्या कैदेंतून सुटून दक्षिणेंत आला. त्याच्यापुढें टिकाव न लागल्यामुळें ताराबाईनें पन्हाळ्याकडे जाऊन वेगळी गादी चालविली. परंतु १७१४ मध्यें तिची सवत राजसबाई हिचा पक्ष प्रबळ झाला. राजसबाईचा पुत्र संभाजी गादीवर आला आणि ताराबाई व तिचा मुलगा पन्हाळ्यावर कैदेंत पडले. त्या कैदेंतच १७२६ च्या सुमारास शिवाजी मरण पावला. ताराबाईचा वंश तेथेंच संपला, अशी सर्वांची समजूत झाली.

पुढें ताराबाई साताऱ्यास शाहूच्या नजरेखालीं राहूं लागली. शाहूला पुत्र उरला नव्हता. त्याची प्रकृति ढासळत चालली, तेव्हां गादीवर कोणी बसावें हा प्रश्न निघाला. आणि त्या वेळीं या वृद्ध राणीनें अशी गोष्ट सांगितली कीं, ऐकणारे थक्क झाले. आपल्या मुलाच्या पत्नीस एक पुत्र झाला होता. सवतीच्या पक्षाकडून त्याच्या जीवास अपाय होईल या भीतीनें त्यास गुप्तपणें गडाबाहेर काढलें. तो परक्या नांवाखालीं वाढला असून जिवंत आहे, असें तिचें म्हणणें होतें. शाहूची राणी सकवारबाई हिनें हें सर्व बनावट आहे असें म्हटलें. शाहूनें मात्र तें मानलें. १७४९ च्या डिसेंबरांत तो वारला. पानगांवास असलेल्या त्या तरुणास आणवून १७५० च्या जानेवारींत साताऱ्याच्या गादीवर बसविण्यांत आलें. हाच रामराजा होय.

या प्रकरणाचें मर्म येथें आहे. हें मूल कोणा चोरानें नेलें नव्हतें; घरच्यांनींच त्याच्या जिवासाठीं लपविलें होतें, असा दावा होता. दावा खरा मानला, तर मुलाचें रक्षण गुप्ततेनेंच झालें. परंतु गुप्तता जितकी पक्की, तितका पुरावा कमी. ज्या रात्रीं तें मूल गडाखालीं उतरलें, त्या रात्रीची नोंद कोणी कशी करावी? शत्रूच्या हातीं लागणारा कागद हाच त्याच्या मृत्यूचें कारण झाला असता. अशा रीतीनें पंचवीस वर्षांनंतर त्या तरुणाची ओळख एका वृद्ध स्त्रीच्या शब्दावर येऊन उभी राहिली.

हा संशय वऱ्हाडच्या धन्यालाही पडला होता. नागपूरकर रघूजी भोंसले हा साताऱ्यास आला, तेव्हां त्यानें रामराजास तसेंच मुजरा करण्याचें नाकारलें. ग्रँट डफनें आपल्या इतिहासांत दिलें आहे कीं, ताराबाईनें जातीच्या समक्ष रामराजाबरोबर जेवावें आणि त्या अन्नावर शपथ घेऊन तो आपला नातू असल्याचें सांगावें, अशी अट रघूजीनें घातली. ताराबाईनें ती यथासांग पुरी केली, तेव्हां त्याचें समाधान झालें. त्याच प्रसंगीं रघूजीस वऱ्हाड, गोंडवन व बंगाल यांच्या सनदा नव्यानें मिळाल्या. वर्धेच्या दोन्ही तीरांवरील मुलखाचा भोंसल्यांचा हक्क त्या वर्षीं ज्या राजाच्या नांवें कायम झाला, त्याची ओळख एका ताटावरच्या शपथेनें ठरली होती. त्या काळीं याहून मोठा पुरावा मागण्याची सोयही नव्हती. एका पंक्तीला बसणें ही भोंसलेकुळांत असल्याची उघड कबुली होती.

पण ती शपथ वर्षभरही टिकली नाहीं. रामराजाच्या नांवानें आपण कारभार करावा अशी ताराबाईची इच्छा होती, व रामराजा तर बाळाजी बाजीराव पेशव्याच्या तंत्रानें चालूं लागला. १७५० मध्येंच सांगोल्याच्या करारानें राज्याचा कारभार पेशव्यांच्या हातीं गेला. त्याच सालच्या नोव्हेंबरांत ताराबाईनें चंपाषष्ठीच्या निमित्तानें रामराजास साताऱ्याच्या किल्ल्यावर बोलाविलें. पेशव्यास दूर करण्याचें त्यानें मान्य केलें नाहीं, तेव्हां तिनें त्यास कैद केलें. आणि हा माझा नातू नव्हेच, हा गोंधळ्याचा पोर, असें जाहीर केलें. १७५२ च्या सप्टेंबरांत जेजुरीस खंडोबासमोर तिनें पेशव्याशीं सलोख्याची शपथ घेतली, तेव्हांही रामराजा आपला नातू नसल्याचें तिनें शपथेवर सांगितलें.

एकाच मुखानें दोन शपथा निघाल्या, दोन्ही देवाधर्माच्या साक्षीनें, आणि त्या परस्परांच्या उलट. पहिलीच्या वेळीं गादी हातीं यावयाची होती. दुसरीच्या वेळीं ती हातची गेली होती. म्हणजे दोन्ही वेळां साक्षीदाराचा स्वार्थ उघड होता. म्हणूनच कोणती शपथ खरी, हें ताराबाईच्या शब्दांवरून ठरवितां येत नाहीं. पन्हाळ्यावर एक मूल जन्मलें होतें काय, जन्मलें असल्यास तेंच साताऱ्यास आलें काय, हे दोन्ही प्रश्न तिच्याबरोबरच बंद झाले. १७६१ च्या डिसेंबरांत ती वारली.

राज्याला याचे परिणाम भोगावे लागले. सत्ता पेशव्यांकडे जाण्याची क्रिया शाहूच्या काळींच चालू झाली होती. एकट्या या संशयानें ती घडविली, असें म्हणणें बरोबर होणार नाहीं. परंतु ज्या छत्रपतीचें कूळच त्याची आजी नाकारते, त्याच्या शब्दाला सरदारांत वजन कोठून येणार? पेशव्यांनीं त्यास गादीवरून काढलें नाहीं. सनदा त्याच्याच नांवें निघत राहिल्या. गादी राहिली, पण तिच्यावरील माणूस नाममात्र झाला. अखेर १७७७ मध्यें मृत्यूपूर्वीं रामराजानें वावीच्या भोंसल्यांपैकीं एक मुलगा दत्तक घेतला व तोच दुसरा शाहू म्हणून पुढें राजा झाला. राज्याच्या वारशापुरता तो वाद अशा रीतीनें दत्तविधानाखालीं झांकला गेला. सुटला मात्र नाहीं.

या सर्वांत ज्याचा विचार सर्वांत कमी झाला, तो स्वतः रामराजा. ताराबाईनें काय सांगितलें, रघूजीनें काय मागितलें, पेशव्यानें काय साधलें, हें इतिहासांत आहे. पण आपण कोण, हें त्या तरुणास तरी कसें ठाऊक असावें? आपल्या जन्माचा साक्षी कोणीही नसतो. प्रत्येक मनुष्य वडीलधाऱ्यांनीं सांगितलें म्हणून आपलें कूळ जाणतो. ज्या आजीनें त्यास राजा म्हणून मांडीशीं घेतलें, तिनेंच त्यास किल्ल्यांत कोंडून परका म्हटलें. तिच्या हयातींत त्याची ती कैद संपली नाहीं. तो खरा असेल, तर त्याच्यावरील अन्यायाला सीमा नाहीं. तो खोटा असेल, तरी दुसऱ्याच्या रिकाम्या जागीं त्यास बसविणारे वेगळेच होते. अशा मुलाचें घर एकदां हरवलें, तें त्याला पुन्हां पुरतें सांपडलें नाहीं.

हा अनुभव मराठ्यांचाच नाहीं. इंग्लंडांत १४८३ मध्यें पांचवा एडवर्ड व त्याचा धाकटा भाऊ, अनुक्रमें बारा व नऊ वर्षांचे, लंडनच्या किल्ल्यांतून नाहींसे झाले. पुढें पर्किन वॉरबेक नांवाचा तरुण आपणच तो धाकटा राजपुत्र असें म्हणूं लागला व १४९९ मध्यें फांशीं गेला. १६७४ मध्यें त्या किल्ल्यांत मुलांचीं हाडें सांपडलीं, तरी तीं त्याच राजपुत्रांचीं कीं काय, हें निर्विवाद ठरलेलें नाहीं. फ्रान्सचा बालराजा सतरावा लुई १७९५ मध्यें दहाव्या वर्षीं कैदेंत वारला. पण लोकांचा विश्वास न बसल्यामुळें आपणच लुई असें सांगणारे अनेक निघाले. त्याच्या जतन केलेल्या हृदयाची डी. एन. ए. परीक्षा २००० मध्यें झाली, तेव्हां दोन शतकांचा संशय मिटला.

मरण आलें तर घराला कांहीं करतां येतें. अग्नि देतां येतो, तिळांजलि देतां येते. हरवलेल्याचें काय करावें, हा प्रश्न आपल्या शास्त्रकारांनाही पडला होता. परागंदा झालेल्याची बारा वर्षें वाट पाहावी आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचें दहन करावें, असा विधि त्यांनीं सांगितला. कायद्यानेंही सात वर्षें ठरविलीं. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत तो नियम होता व २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या कायद्यांतही तो आहे. परंतु ही मुदत मालमत्तेच्या व विधीच्या कामाची. मनाला ती लागू पडत नाहीं. पानिपतावर १७६१ मध्यें सदाशिवरावभाऊ पडले, तरी पार्वतीबाईंनीं वैधव्य पत्करलें नाहीं, आणि भाऊंचा तोतया उभा राहूं शकला तो अशाच आशेच्या आधारावर. मोठ्या माणसाविषयीं असें होतें, तर लहान मुलाविषयीं काय सांगावें?

राजघराण्यांतील मुलाचा शोध इतिहास तरी घेतो. गरिबाच्या मुलाची तक्रार लिहून घेण्यासही पुष्कळदां कोणी नसे. दिल्लीजवळील निठारी या गांवांतून मुलें नाहींशीं होत होतीं, तेव्हां आईबापांच्या तक्रारींकडे वेळीं लक्ष दिलें गेलें नाहीं. २००६ च्या डिसेंबरांत तेथें मुलांचे अवशेष सांपडले. पुढें शिक्षा झाल्या. परंतु तपासांतील दोषांमुळें २०२३ मध्यें अलाहाबाद उच्च न्यायालयानें आरोपींस सोडलें व २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयांतही तेंच कायम झालें. मुलें गेलीं, आणि कोणी मारलीं तें कायद्याच्या दृष्टीनें अद्याप अनुत्तरित आहे.

१० मे २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असा आदेश दिला कीं, मूल हरवल्याची तक्रार येतांच गुन्हा नोंदवावा, आणि तें पळविलें गेलें असावें असें प्रथमपासून धरून तपास करावा. मूल आपल्या पायांनीं गेलें असेल, येईल परत, असें म्हणून पहिले दिवस दवडण्याची रीत त्या आदेशानें चुकीची ठरविली. मुंबईंत १९९६ मध्यें सुरू झालेली १०९८ ही दूरध्वनीची सोय आज देशभर आहे. बेवारस सांपडलेल्या मुलाविषयीं अथवा हरवलेल्या मुलाविषयीं कोणालाही त्यावर कळवितां येतें.

हे उपाय कोरडे व कचेरीच्या भाषेंतले वाटतील. परंतु रामराजाच्या जन्मीं कमी पडलें तें नेमकें हेंच होतें: त्या दिवशीं, त्या ठिकाणीं, निःस्वार्थी हातानें लिहिलेली एक ओळ. ती असती, तर जातीच्या पंक्तींतील व जेजुरीच्या देवळांतील दोन्ही शपथांची गरज पडली नसती. बसस्थानकावर किंवा आगगाडीच्या फलाटावर एकटें रडणारें मूल दिसलें, तर त्याचें नांव विचारून पोलिसांकडे किंवा १०९८ वर कळविणें एवढें काम कोणत्याही प्रवाशाच्या हातचें आहे. कौंडण्यपूरच्या लेकीला तिचें मूल परत मिळालें, कारण माहिती असलेला एक जण अखेर बोलला.