गिरणीचा भोंगा

शाळेची घंटा आपणा सर्वांना आठवते. पण आपला दिवस खरा चालायचा तो गिरणीच्या भोंग्यावर. दुपारी साडेतीनचा भोंगा झाला की आपण दप्तरं आवरू लागायचो आणि गणिताच्या बाई म्हणायच्या, "पाळी त्यांची सुटली, तुमची नाही!"

१८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला कापड गिरणी काढली. पुढे परळ, लालबाग, शिवडी, वरळी या भागांत गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्याचं गिरणगाव झालं. कोकणातून, घाटावरून आलेली माणसं गावी सूर्य बघून उठत होती. इथे ती भोंग्यावर उठू लागली. आमच्या चाळीत डबे भोंग्यावर भरले जात, नळावरची भांडणंही भोंग्यावर मिटत. त्यात गोडवा नव्हता. तो हुकूमच होता. पण तो सगळ्यांना एकदम ऐकू यायचा.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. मी तेव्हा दोन वर्षांची. आई सांगायची, "भोंगा थांबला आणि भात कधी टाकायचा तेच कळेना."

पुढे काही गिरण्या सुरू झाल्या, पण बाबांना परत घेतलं नाही. ते भाजी विकू लागले. मी सातवीत असेपर्यंत एक भोंगा लांबून ऐकू यायचा. सकाळी तो वाजला की बाबांचे पाय नकळत चपला शोधायचे. मग ते पाय मागे घ्यायचे. घरात कुणी काही बोलायचं नाही. संपाचा इतिहास मी पुढे पुस्तकांत वाचला, पण तो मला पहिल्यांदा कळला तो त्या पायांवरून.

आज मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. रात्री सर्व्हर बंद पडला की माझ्या एकटीच्या फोनवर गजर होतो. शेजारच्या घरात पत्ताही नसतो.

परवा स्नेहमेळाव्याच्या बैठकीला आपण शाळेत जमलो होतो. बाहेर टॉवर, गाड्यांचे हॉर्न. साडेतीन वाजले आणि आपल्यातल्या चौघांनी एकदमच घड्याळाकडे पाहिलं. गिरण्यांचे फोटो पुष्कळ आहेत. त्यांचा आवाज आपल्या कानांत उरला आहे. मेळाव्याला याल तेव्हा आपापल्या घरचा भोंगा सांगा. कुणीतरी लिहून घेऊ.