अणुचाचण्या झालेली बेटं 'साफ' कशी केली? रुनिटच्या काँक्रीट घुमटाची गोष्ट

किरणोत्सर्गी कचरा जाळला तरी नष्ट होत नाही आणि धुतला तरी संपत नाही. मग अणुबॉम्ब फोडलेलं बेट साफ करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? याचं उत्तर प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांवर सापडतं.

काय घडलं होतं?

१९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेने मार्शल बेटांवर ६७ अणुचाचण्या केल्या. त्यातल्या ४३ एनेवेटाक या कंकणद्वीपावर झाल्या. कंकणद्वीप म्हणजे मधल्या खाजणाभोवती बांगडीसारखी पसरलेली छोट्या बेटांची माळ. १९५२ मध्ये जगातला पहिला मोठा हायड्रोजन बॉम्ब इथेच फोडला गेला आणि एलुगेलाब हे आख्खं बेट नकाशावरून पुसलं गेलं. इथल्या रहिवाशांना त्याआधीच, १९४७ मध्ये, उजेलांग या दुसऱ्या कंकणद्वीपावर हलवलं होतं.

सफाई कशी झाली?

१९७७ ते १९८० दरम्यान सुमारे ४,००० अमेरिकन सैनिक या कामावर होते. बुलडोझरने दूषित माती खरवडायची, ती रुनिट बेटावर आणायची, सिमेंटमध्ये कालवायची आणि १९५८ च्या 'कॅक्टस' स्फोटाने पडलेल्या खड्ड्यात भरायची, असं हे काम होतं. खड्डा भरल्यावर त्यावर ३५८ काँक्रीटच्या फरशा बसवून सुमारे ११५ मीटर व्यासाचा घुमट बांधला. काँक्रीटची जाडी आहे सुमारे ४५ सेंटीमीटर. खड्ड्याच्या तळाला मात्र अस्तर घातलेलं नाही. खाली सच्छिद्र प्रवाळखडक असल्यामुळे भरती-ओहोटीबरोबर आतलं पाणीही वर-खाली होतं.

यातलं प्लुटोनियम-२३९ निम्मं व्हायलाच सुमारे २४,००० वर्षं लागतात.

मग घुमट फुटला तर?

सोशल मीडियावर या घुमटाचे फोटो 'समुद्रातला टाइम बॉम्ब' म्हणून फिरतात. पण अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या २०२० च्या अहवालानुसार घुमट लगेच कोसळण्याचा धोका नाही. शिवाय घुमटात जेवढं किरणोत्सर्गी द्रव्य आहे, त्यापेक्षा कितीतरी जास्त बाहेर खाजणाच्या गाळात आधीपासूनच पडून आहे. म्हणजे सफाईत सगळा कचरा गोळा झालाच नव्हता.

खरी अडचण नारळात

माणसाच्या रोजच्या जगण्याला जास्त त्रास सिझियम-१३७ चा होतो. रासायनिकदृष्ट्या ते पोटॅशियमसारखं असल्याने झाडं ते खत समजून शोषतात आणि ते नारळातून, फळांतून पोटात जातं. शेजारच्या बिकिनी कंकणद्वीपावर 'आता सुरक्षित आहे' असं सांगून लोकांना परत आणलं होतं. त्यांच्या शरीरातलं सिझियम वाढल्याचं दिसल्यावर १९७८ मध्ये त्यांना पुन्हा हलवावं लागलं.

नंतर शास्त्रज्ञांनी तिथे वेगळा उपाय तपासला. जमिनीत पोटॅशियम खत टाकलं की झाडं सिझियम खूपच कमी शोषतात. सगळी माती खरवडली, तर बेटाचा सुपीक थरही निघून जातो. खताने तो वाचतो. मात्र सिझियम जमिनीतच राहतं, त्यामुळे खत पुन्हा पुन्हा द्यावं लागतं.

किंमत कोणी मोजली?

एनेवेटाकचे लोक १९८० मध्ये परतले, पण दक्षिणेकडच्या बेटांवर. उत्तरेकडच्या एन्जेबीची कुटुंबं आपल्या बेटावर राहायला जाऊ शकली नाहीत. रुनिटवर आजही वस्ती नाही. सफाई करणाऱ्या अनेक सैनिकांनी पुढे आजारपणाच्या तक्रारी केल्या. पुरेसं संरक्षण मिळालं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं होतं. किरणोत्सर्गाला सामोरे गेलेले सैनिक म्हणून त्यांना कायद्याने मान्यता मिळाली ती २०२२ मध्ये.

थोडक्यात, अशा सफाईत किरणोत्सर्ग संपत नाही. तो एका जागेवरून दुसऱ्या जागी नेला जातो, झाकला जातो किंवा ताटात येण्याआधी अडवला जातो. त्यामुळे एखादं बेट 'साफ झालं' असं कोणी म्हणालं, तर माती कुठे गेली, उरलेल्या जमिनीत काय आहे आणि तिथलं पिकलेलं खाता येतं का, हे तीन प्रश्न नक्की विचारा.