वनकीटकशास्त्रज्ञ, झाडीपट्टीतील

जंगलातील कीटक, त्यांची खाद्यझाडे, त्यांचे शत्रू आणि त्यांचे ऋतुमान यांचा एकत्र अभ्यास करणारे ते वनकीटकशास्त्रज्ञ. चंद्रपूर आणि गडचिरोली (26 ऑगस्ट 1982पर्यंत हा एकच जिल्हा होता) या झाडीपट्टीतील जिल्ह्यांत हे काम एका संस्थेत कधीच मावले नाही. साग वनखात्याचा, टसर रेशीमवाल्यांचे, धान कृषी विद्यापीठाचे. कीटक मात्र या तिन्हींत फिरणारे. ताडोबाच्या पूर्वेला, नागभीड-मूल वाटेवरील सिंदेवाहीत ही सरमिसळ डोळ्यांना दिसते. बांधावर उभे राहिले की एका हाताला धानाची बांधी आणि दुसऱ्या हाताला सागाची झाडी.

या भागातील कीटकविद्येची मुख्य अडचण एका ढेकणाच्या उदाहरणाने लवकर कळते. इओकँथेकोना फर्सेलाटा हा पानांवर वावरणारा शिकारी ढेकूण. आपल्याहून कितीतरी मोठ्या अळीच्या अंगात तो सोंड खुपसतो आणि रस शोषत राहतो. अळी ढिली पडून लोंबकळते. ही अळी ऐनावरची टसर अळी असेल, तर पालनकर्त्याचे नुकसान होते आणि ढेकूण वेचून मारला जातो. तीच अळी सागाचे पान कुरतडणारी असेल, तर तोच ढेकूण वनखात्याचा मदतनीस ठरतो. मित्रकीटक आणि शत्रुकीटक अशी दोन रकान्यांची वाटणी शेतीच्या पत्रकात चालते, जंगलात चालत नाही. झाडीपट्टीत चांगले काम केलेल्या प्रत्येक अभ्यासकाला कधी ना कधी या वाटणीपलीकडे जावे लागले आहे.

साग. भारतातील वनकीटकशास्त्राची सुरुवात देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत (स्थापना 1906) झाली. ई. पी. स्टेबिंग यांनी 1914मध्ये जंगलातील उपद्रवी भुंगेऱ्यांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्यानंतर आलेल्या सी. एफ. सी. बीसन यांचा 1941चा ग्रंथ आजही या विषयाचा पाया मानला जातो. बीसन यांचे मोठेपण त्यांच्या उपायात आहे. सागाच्या रोपवनात बाकी सगळा झाडोरा साफ करू नका, असे त्यांनी सांगितले. कारण सागाच्या अळ्यांवर वाढणाऱ्या परोपजीवी माश्या वर्षातील उरलेला काळ त्या खालच्या झुडपांवरील इतर अळ्यांच्या आधाराने काढतात. झुडपे तोडली की त्यांचा आसरा जातो.

सागाला दोन पतंगांच्या अळ्या सतावतात. हायब्लिया प्युएरा ही पावसाच्या सुरुवातीला कोवळी पालवी फस्त करते. पानाच्या जागी जाड शिरा तेवढ्या उरतात. दुसरी उशिरा, पावसाळा ओसरताना येते. ती शिरांना हात लावत नाही, मधला हिरवा गर तेवढा खाते. पान उन्हापुढे धरले तर चाळणीसारखे दिसते, आणि अशा पानांची टेकडी लांबून वणवा लागून गेल्यासारखी तपकिरी भासते. पाहणाऱ्याला दुसरीचीच धास्ती वाटते. केरळ वन संशोधन संस्थेत के. एस. एस. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निलंबूरच्या कोवळ्या सागवनात मोजणी केली, तेव्हा चित्र उलटे निघाले. पहिल्या अळीमुळे लाकडाच्या संभाव्य वाढीतील सुमारे 44 टक्के वाढ हुकत होती. दुसरीमुळे लक्षात घेण्याजोगी घट आढळली नाही, कारण ती येईपर्यंत झाडाची वर्षाची वाढ बहुतेक उरकलेली असते. आलापल्लीच्या सागाचा लौकिक जपणाऱ्यांनी हा निष्कर्ष जवळ ठेवावा असा आहे. मात्र केरळचा पाऊस आणि झाडीपट्टीचा पाऊस एक नव्हे, म्हणून अशी मोजणी इथल्या सागावर इथेच व्हायला हवी. मध्य भारतातील वनसंशोधनाचे काम 1988पासून जबलपूरच्या उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेकडे आहे.

टसर. इथे कीटक वाचवायचा असतो. अँथेरिया मायलिटा ही टसर अळी ऐन आणि अर्जुन यांच्या पानांवर उघड्या रानात वाढते, चार वेळा कात टाकते आणि शेवटी देठ असलेला कडक कोष विणते. तो देठ फांदीला इतका घट्ट वेढलेला असतो की कोष फळासारखा लटकतो. झाडीपट्टीत हे काम पिढ्यान् पिढ्या ढिवर कुटुंबांनी केले. पाखरांना हाकलायला हातात गलोल घेऊन दिवसभर झाडाखाली राहणे, पाला संपला की फांदीसकट अळ्या दुसऱ्या झाडावर नेणे, मुंग्यांची वाट बंद करणे, उझी माशीने अंडे घातलेली अळी तिच्या अंगावरील काळ्या डागावरून ओळखून वेगळी काढणे. कीटकाचे निरीक्षण यालाच म्हणतात, आणि ज्ञानकोशात या लोकांची जागा शास्त्रज्ञांच्या ओळीतच आहे.

प्रयोगशाळेची गरज पडते ती पेब्रिन या रोगापाशी. तो आईकडून अंड्यात उतरतो आणि डोळ्यांना दिसत नाही. लुई पाश्चर यांनी 1860च्या दशकात फ्रान्समध्ये शोधलेला उपाय आजही तोच आहे: अंडी घालून झालेली मादी कुटून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची आणि बीजाणू दिसले तर तिची सगळी अंडी नष्ट करायची. टसर संशोधनाची केंद्रीय संस्था 1964पासून रांचीला आहे.

धान. सिंदेवाहीचे विभागीय कृषी संशोधन केंद्र अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे. धानाच्या वाणांना ‘सिंदेवाही’ हे नाव इथूनच मिळाले. पूर्व विदर्भातील धानाचा जुना वैरी गादमाशी. डासाएवढी, तांबूस पोटाची ही माशी पानावर अंडी घालते. अळी सरकत वाढीच्या कोंबापर्यंत पोचते आणि तिथे लोंबीऐवजी कांद्याच्या पातीसारखी पोकळ नळी वर येते. हाच चंदेरी पोंगा. त्याच्या टोकाजवळ छिद्र आणि छिद्रात अडकलेली कोषाची रिकामी साल दिसली की माशी उडून गेली असे समजावे. त्यानंतर केलेली फवारणी वाया जाते.

बांधी मोकळ्या असतात तेव्हा ही माशी देवधानावर आणि काही रानगवतांवर तग धरते. तिचा शत्रूही सोबत असतो: प्लॅटिगॅस्टर ओरायझी ही चिमुकली गांधीलमाशी गादमाशीच्या अंड्यातच आपले अंडे घालते आणि एका अळीत तिची अनेक पिल्ले वाढतात. असे पोंगे गोळा करून दुसऱ्या बांधीत ठेवणे हा विदर्भातील मान्य उपाय आहे. चिखलणीच्या वेळी रानातील गराडीचा विषारी पाला बांधीत घालण्याची रीत मात्र शेतकऱ्यांची, केंद्रांहून जुनी.

नोंदी आणि याद्या. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाचे, म्हणजे अजब बंगल्याचे, ई. ए. डी’अब्रू यांनी 1931मध्ये मध्य प्रांतातील 177 फुलपाखरांची यादी छापली. आशिष टिपले यांनी 2011मध्ये विदर्भातून 167 जाती नोंदल्या. या दोन आकड्यांची सरळ वजाबाकी करू नये. प्रदेशाच्या सीमा आणि जातींची नावे दोन्ही मध्यंतरी बदलली आहेत. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) येथे गावच्या अभ्यासगटाने आग्या मोहोळाचा मध माश्या न मारता कसा काढावा याचा विचार केला, हेही याच परंपरेतले काम. निशाचर पतंगांची यादी सर्वांत मागे आहे. त्यासाठी भर पावसाळ्यात, अंधारात, पांढरा पडदा आणि दिवा लावून तासन् तास एका जागी बसावे लागते, आणि ब्रह्मपुरी वनविभागातील वाघांच्या रानात तसे बसणे सोपे नाही.